पिशोरची वॉशिंग मशीन योजना

रविवारी उन्हात पिशोरला जायचं नाही, एवढाच निर्णय मी घेतला होता. यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. एप्रिलचा शेवट, दुपारची एसटी आणि सासुरवाडी या तीन गोष्टी एकत्र आल्या की कुठलाही शहाणा माणूस घरात पंख्याखाली बसतो. मीही बसलो. पुढं त्यातून तीन पोती कागद निघाले, एक उपोषणाचा इशारा निघाला आणि माझी एमबीएची तोंडी परीक्षा जवळजवळ बुडाली. पण सुरुवात पंख्याखाली झाली, हे मी आधीच कबूल करून टाकतो.

मी विश्वजीत. वय त्रेचाळीस. शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. एकोणीस वर्षं झाली, तिथंच आहे. मध्यंतरी रॅक बदलले, कुलपं बदलली, मला मात्र कुणी हलवलं नाही. दोन वर्षांपूर्वी आमचे स्टोअर मॅनेजर रिटायर झाले तेव्हा मला वाटलं, खुर्ची रिकामी आहे, मी समोरच उभा आहे, आता फक्त बसायचं बाकी आहे. तेवढ्यात कारखान्याला ऋतुराज नावाचे नवे मोठे साहेब आले. वय अठ्ठावीस. ते मला काका म्हणतात, मी त्यांना सर म्हणतो आणि दोघंही मनातून अवघडतो.

"काका, मॅनेजर तुम्हालाच करायचंय," ते म्हणाले. "पण हेड ऑफिसचा नियम आहे. मॅनेजरला एमबीए लागतं."

"सर, मला एकोणीस वर्षांचा अनुभव आहे."

"तो आहेच की. एमबीए पण करून टाका."

'करून टाका' हे ते अशा आवाजात म्हणाले की मला वाटलं, दाढी करून यायला सांगताहेत.

मग मी प्रवेश घेतला. ज्या विद्यापीठाचं नाव सांगितलं की समोरचा "हे कुठं आलं?" असं विचारतो, त्याचं केंद्र आमच्याच सिडकोत एका ब्यूटी पार्लरच्या वर होतं. चार सेमिस्टर कशी गेली ते विचारू नका. मार्केटिंगचे चार 'पी' मी इतक्या मोठ्यानं पाठ करायचो की माझ्या बायकोला, सुरेखाला ते चारही आले. (मला तीनच येतात. चौथा मी आजही तिलाच विचारतो.) पण रडतखडत पेपर निघाले. राहिला फक्त प्रोजेक्ट आणि त्यावरची तोंडी परीक्षा. वीस मे तारीख. ऋतुराज सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "काका, मेअखेरपर्यंत पद धरून ठेवतो. नंतर पुण्याहून माणूस येईल." म्हणजे वीस तारखेला पास झालो तर मॅनेजर, नाही झालो तर त्या पुण्याहून आलेल्या माणसाला किल्ल्या कुठं असतात ते दाखवायचं काम माझं.

प्रोजेक्टला मला 'जागतिक पुरवठा साखळी' असा भारदस्त विषय हवा होता. पण मी केंद्रावर पोचेपर्यंत यादीत एकच विषय उरला होता: 'ग्रामीण ग्राहक आणि वॉशिंग मशीन : पसंती व समाधान'. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. अशा शहरात बसून मी वॉशिंग मशीनवर संशोधन करणार होतो.

"शंभर फॉर्म भरून आणा," आमचे मार्गदर्शक बुद्धभूषण सर म्हणाले. "आणि विश्वजीतराव, घरी बसून भरू नका. मागच्या वर्षी एकानं शंभर फॉर्म आणले. शंभरही जणांचं अक्षर एक, पेन एक, आणि सगळ्यांचा जन्म एक जूनचा. खरी माणसं पाहिजेत. खऱ्या सह्या पाहिजेत."

हे सर फार बारकाईनं बघणारे होते, म्हणून मी त्यांचं ऐकायचं ठरवलं. (यापूर्वी मी कुणाचं ऐकल्याचं फारसं उदाहरण नाही. असतं तर बरं झालं असतं.)

प्रश्न मी स्वतः तयार केले. घरात वॉशिंग मशीन आहे का? नसल्यास कितीचं आवडेल, पाच किलो की सात? रंग कोणता? सध्या कपडे कोण धुतं? समाधान किती, एक ते पाच? काही सूचना? हा कागद मी चौकातल्या अभयकडं टाइप करायला दिला. अभयचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि वर्षभर तो योजनांचे अर्जच टाइप करतो. फॉर्म हातात आला तेव्हा वरच्या बाजूला गोल बोधचिन्ह होतं, त्याखाली 'अर्ज क्रमांक', उजव्या कोपऱ्यात फोटो चिकटवायची चौकट आणि तळाला 'वरील माहिती खोटी आढळल्यास मी कारवाईस पात्र राहीन' असं वाक्य.

"अरे, हा फोटो कशाला?"

"काका, फॉर्म बोले तो फोटो रहताच है. आपला साचा तयारच असतो, मी फक्त प्रश्न तुमचे टाकले. बघा ना, कसा ओरिजनल दिसतोय."

दिसत होता खरा. मला तो इतका रुबाबदार वाटला की मी काहीच बदललं नाही.

आता शंभर माणसं. सुरेखाचं माहेर पिशोर, गाव मोठं, ओळखी भरपूर. रविवारी जाऊन दारोदार फिरायचं, असं ठरलं होतं. पण शनिवारीच माझे सासरे आप्पासाहेब डोळे तपासायला शहरात आले आणि मला वाटलं, देवच पावला. आप्पासाहेब दहा वर्षं सरपंच होते. पद गेलं, पण झब्ब्याच्या खिशात अंगठ्याचा शाईचा पॅड अजून असतो. ते घरी टेकले, चहा घेतला आणि मी शंभर फॉर्मांचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"कशाचं हाय हे?"

"वॉशिंग मशीनचं आहे, मामा. गावातल्या लोकांची माहिती भरून पाहिजे."

त्यांनी नवा चष्मा लावला. बोधचिन्ह पाहिलं. फोटोची चौकट पाहिली. तळाचं वाक्य दोनदा वाचलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "किती नावं बसत्यात?"

"शंभर."

"शंभरच? गाव केवढं हाय!"

"सध्या शंभरच लागतात."

"पयला टप्पा असंल," ते स्वतःशीच म्हणाले. "मुदत?"

"पंधरा तारखेच्या आत माझ्याकडं. वीसला पुण्याहून माणूस येणार आहे तपासायला."

"गावात येणार?"

"छे हो. कागद बघतात फक्त."

"मंग काय अडचण नाय."

"मामा, हे माझ्या एमबीएच्या अभ्यासासाठी आहे बरं का," मी म्हणालो. हे मी म्हणालो होतो. सुरेखा साक्षीला आहे.

आप्पासाहेबांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं, मग एक डोळा मिटला. (मला वाटलं, तपासणीत घातलेल्या औषधानं चुरचुरतोय.) "समजलं, जावईबापू. तुम्ही अभ्यासाचंच म्हणा. आपुन कामून बोंब करावी?"

आणि गठ्ठा शबनममध्ये घालून ते एसटीनं गेले. मी पंखा एक आकडा वाढवला.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. गावात माणूस फॉर्म भरतो तो काहीतरी मिळावं म्हणून. फॉर्म भरून घ्यायचे आणि द्यायचं काहीच नाही, असा प्रकार खाजगी माणूस करू शकतो, हे पिशोरनं कधी पाहिलंच नव्हतं.

आठ दिवसांनी आप्पासाहेबांचा फोन आला. आवाज दबलेला होता.

"जावईबापू, शंभर पुरंना. वरली गल्ली नाराज झालीय. आणखी दोनशे पाठवा."

माझा ऊर भरून आला. शंभरसाठी मी रडत होतो आणि गाव आपणहून दोनशे मागत होतं! मी फॉर्मचा फोटो काढून त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'हवे तेवढे झेरॉक्स काढा.' हा निरोप आप्पासाहेबांनी गावाच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठं कुठं गेला, ते मला नंतर कळलं. त्या आठवड्यात पिशोरच्या झेरॉक्सवाल्याकडचा कागद दोनदा संपला, एवढंच सांगतो.

मी इकडं हवेत होतो. बुद्धभूषण सरांना फोन करून म्हणालो, "सर, नमुना पाचशेच्या वर गेलाय."

"पाचशे?" सर उडालेच. "अहो, मोठमोठ्या कंपन्यासुद्धा दोनशेला थांबतात!"

"ग्रामीण भागात माझा थोडा संपर्क आहे, सर," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की मला अजून कसंसंच होतं.

चौदा तारखेला सकाळी आमच्या दारात अद्रकाचा टेम्पो उभा राहिला. पिशोरची अद्रक मार्केटला नेणारा तो टेम्पो वाटेत आमच्याकडं तीन पोती टाकून गेला. अद्रकाचीच पोती होती, आत मात्र फॉर्म. मी पोतं उपडं केलं आणि सगळी खोली आल्याच्या चहासारखी दरवळली. अकराशे त्रेचाळीस फॉर्म! प्रत्येकावर फोटो. प्रत्येकाला मागं आधार कार्डाची झेरॉक्स, रेशन कार्डाची झेरॉक्स, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. काहींना उत्पन्नाचा दाखला. तिघांना सातबारा. एकानं घराचा नकाशा काढून 'मशीन येथे ठेवणार' असा बाण केला होता.

"बघ," मी सुरेखाला म्हणालो, "याला म्हणतात संशोधनाविषयी आस्था. शहरातली माणसं नावसुद्धा सांगत नाहीत. आणि हे बघ, पासबुक!"

सुरेखानं दोन फॉर्म उचलले, मागं पुढं पाहिले आणि ती पोत्यावरच बसली.

"अहो, हे योजनेचे अर्ज आहेत."

"काहीतरीच."

"काहीतरीच काय! हे वाचा." तिनं एक कागद माझ्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं: 'मा. जावई साहेब यांस, वॉशिंग मशीन योजनेत आमच्या वस्तीची नावं आप्पासाहेबांनी जाणूनबुजून डावलली असून, सोबतचे बासष्ट अर्ज मंजूर न झाल्यास वीस तारखेला आम्ही महिला उपोषणास बसू. कडूबाई, माजी सदस्य.'

मी पंखा बंद केला. आता त्याचा उपयोग नव्हता.

मग आम्ही फॉर्म चाळायला बसलो. पहिल्या प्रश्नाला, घरात मशीन आहे का, अकराशे त्रेचाळीस लोकांनी 'नाही' लिहिलं होतं. समाधान सगळ्यांचं 'एक'. किलो सगळ्यांना सात. रंग सगळ्यांना निळा, कारण पहिल्या माणसानं निळा लिहिला होता आणि वेगळा लिहिला तर अर्ज बाद होईल, अशी बातमी फिरली होती. सगळ्यात वर, अर्ज क्रमांक एक, खुद्द आप्पासाहेबांचा होता. मशीन? नाही.

मी फोन लावला. "मामा, तुमच्याकडं मशीन आहे की! आपणच घेतलं ना दोन वर्षांमागं!"

"सध्या नाय," आप्पासाहेब शांतपणे म्हणाले.

"म्हणजे?"

"गोठ्यात ठिवलंय. वरून कडबा टाकलाय. त्या पुण्याच्या माणसाचा काय भरोसा, आला अचानक तर? समद्या गावानं झाकून ठिवलीत. तुम्ही निवांत ऱ्हावा."

"मामा, ही योजना नाही! खरंच माझा अभ्यास आहे!"

मग आप्पासाहेब म्हणाले, "जावईबापू, हे तुम्ही सोताच येऊन सांगा. माझ्या तोंडून निघायचं नाय."

अशा रीतीनं, जे पिशोर मी उन्हासाठी टाळलं होतं, तिथं मी त्याहून कडक उन्हात, मेच्या मध्यावर, एसटीत उभा राहून गेलो. सुरेखा बरोबर होती. ती म्हणाली, "मी येते. तुम्ही एकटे गेलात तर आणखी काहीतरी मंजूर करून याल."

चावडीपाशी उतरलो तर हलगी वाजायला लागली. मला वाटलं, कुणाची तरी वरात आहे. माझीच होती. मला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. फ्लेक्सवर माझा लग्नातला फोटो होता आणि खाली 'योजनेचे शिल्पकार, पिशोरचे जावई'. आप्पासाहेब मागं उभे राहून आभाळाकडं बघत होते. त्यांनी गावाला काहीच सांगितलं नव्हतं.

मला माइक दिला. वर्गात शिकवलं होतं की वाईट बातमी देताना सुरुवात सकारात्मक करावी. म्हणून मी म्हणालो, "ग्रामीण ग्राहक हा बाजारपेठेचा राजा आहे!"

टाळ्या. हलगी.

"तुमची पसंती वरपर्यंत पोचवणं हे माझं कर्तव्य आहे!"

आणखी टाळ्या. मागून कुणीतरी ओरडलं, "सात किलोचंच पायजे!"

सुरेखानं मागून माझा शर्ट ओढला. मी डोळे मिटले आणि एका दमात बोललो, "पण मशीन मिळणार नाही. ही योजना नाही. मी एमबीए करतोय. माझ्या परीक्षेसाठी माहिती पाहिजे होती. माझीच चूक झाली. माफ करा."

हलगी थांबली. सगळ्यात पुढं साळूबाई बसली होती. वय सत्तरीच्या पुढं, कपाळाला हात लावून ती माझ्याकडं बघत होती.

"म्हंजी," ती म्हणाली, "तू अजून शाळंत हायेस?"

"व्हय, आजी. एक प्रकारे."

"पोरं किती तुला?"

"एक मुलगी."

"ती कितवीला?"

"दहावी झाली."

"आन तू?"

साळूबाईनं सुरेखाकडं पाहिलं, आणि त्या नजरेत जी कणव होती, ती मला अजून दिसते.

मग मात्र गावाला कंठ फुटला. कडूबाई उठून पुढं आल्या. "आमचे फॉर्म वापस द्या! आधारच्या झेरॉक्स हायेत त्यात. आम्ही काय ह्यांच्या परीक्षेची गाइडं हावोत का?"

"वापस द्या! वापस द्या!"

फॉर्म परत दिले की प्रोजेक्ट संपला. वीस तारखेला चारच दिवस होते. मी फेटा सावरत हात जोडले. "झेरॉक्स सगळ्या परत देतो. फोटोसुद्धा. पण फॉर्म वीसपर्यंत राहू द्या. नाहीतर मी नापास होईन हो! सहा महिन्यांनी परत पहिल्यापासून सगळं करावं लागेल."

"पयल्यापासून म्हंजी?" साळूबाईनं विचारलं.

"म्हणजे परत फॉर्म छापायचे, परत इथं यायचं..."

साळूबाई गर्रकन गावाकडं वळली. "राहू द्या रे त्याच्याजवळ! पास होऊ द्या बापड्याला. नापास झाला तर परत यील ह्यो फॉर्म घेऊन. मंग काय, आणखी सा महिने मशिनी गोठ्यात ठिवायच्या का? लई कपडे धुतले हातानं ह्या महिन्यात. माझे खांदे गेले."

हा मुद्दा गावाला लगेच पटला. कडूबाईसुद्धा गप्प बसल्या. त्यांचंही मशीन कडब्याखालीच होतं, असं नंतर कळलं. आम्ही एसटीत बसेपर्यंत चार घरांत यंत्रांचा आवाज सुरू झाला होता.

आप्पासाहेब स्टँडवर सोडायला आले. चेहरा उतरला होता. "दहा वर्सं सरपंच व्हतो," ते म्हणाले, "पर लोकायनी एवढ्या भरोशानं कागद कधी दिले नव्हते." मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "पास मातर व्हा."

पुढचे तीन दिवस मी आणि सुरेखा झेरॉक्स सोडवत, फोटो काढत आणि फॉर्मना क्रमांक घालत बसलो. ती क्रमांक टाकत होती, मी गठ्ठे बांधत होतो. बुद्धभूषण सरांना मी सगळं सांगितलं. सर म्हणाले, "विश्वजीतराव, मी खरी माणसं मागितली होती. खरी उत्तरं मागायची राहिली. आता वेळ नाही, आहे तेच घेऊन या."

वीस तारखेला तीन पोती रिक्षात घालून मी केंद्रावर गेलो. पार्लरमधल्या बायकांना वाटलं, अद्रक विकायला आलाय. पुण्याच्या परीक्षक दीपमाला मॅडम टेबलामागं बसल्या होत्या. माझ्या आधी आत गेलेले दोघं रडके चेहरे घेऊन बाहेर आले होते. मी पोतं ठेवल्याबरोबर मॅडमना तीन शिंका आल्या.

"हे काय आहे?"

"नमुना, मॅडम. अकराशे त्रेचाळीस."

त्यांनी एक गठ्ठा सोडला. दहा फॉर्म पाहिले, वीस पाहिले. मग दुसऱ्या पोत्यातून मधलेच काही काढले. "सगळ्यांना सात किलो? सगळ्यांना निळा?"

"गावात एकी आहे, मॅडम."

"आणि पूर्ण गावात एकही मशीन नाही?"

"त्या दिवसांत नव्हतं, मॅडम."

"असं?" त्यांनी एक फॉर्म माझ्यापुढं धरला. आम्ही सगळे फोटो काढले होते, एक राहिला होता. कुणीतरी घरातल्या वाढदिवसाचा फोटो कापून चिकटवला होता. त्या माणसाच्या खांद्यामागं पांढरंशुभ्र वॉशिंग मशीन उभं होतं आणि त्यावर केक.

बुद्धभूषण सर खिडकीबाहेर बघायला लागले. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "विश्वजीत, यातलं एकही उत्तर खरं नाही. हा प्रोजेक्ट मी परत पाठवते. सहा महिन्यांनी नवीन सर्व्हे करून या."

सहा महिने! मेअखेरला दहा दिवस होते. डोळ्यांपुढं तो पुण्याहून येणारा माणूस, किल्ल्यांचा जुडगा आणि साळूबाई असं सगळं एकदम आलं. मॅडम गठ्ठा परत बांधत होत्या. सगळ्यात खालचा फॉर्म दोरीत बसेना म्हणून त्यांनी तो ओढून काढला, आणि ठेवता ठेवता वाचला. मग खुर्चीत मागं टेकून पुन्हा वाचला.

"अकराशे त्रेचाळीस म्हणालात ना? मग हा अकराशे चव्वेचाळीस कुठला?"

"माहीत नाही, मॅडम. गावातलंच कुणीतरी असेल."

"पत्ता सिडकोचा आहे." त्या मोठ्यानं वाचायला लागल्या. "घरात वॉशिंग मशीन आहे का? आहे. किती किलोचं? साडेसहा. सध्या कपडे कोण धुतं? मी, हातानं. मशीन आहे, पण त्यावर नवऱ्याची एमबीएची पुस्तकं आहेत. दोन वर्षं झाली, झाकण उघडलेलं नाही. पुस्तकं हलवली की त्यांना चौथा 'पी' आठवत नाही. समाधान, एक ते पाच?" मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "शून्य. सूचना : कृपया यांना एकदाचं पास करावं."

(हे पुस्तकांचं मी तुम्हाला आधी सांगितलं नाही, हे खरं. पण माणूस स्वतःविषयी सगळंच कुठं सांगतो?)

खोलीत फक्त खालच्या पार्लरचा ड्रायर ऐकू येत होता. बुद्धभूषण सरांचे खांदे हलत होते.

"हे खरं आहे?" मॅडमनी विचारलं.

"हो, मॅडम."

"पुस्तकं अजून तिथंच आहेत?"

"आज सकाळी निघालो तेव्हा होती."

मॅडमनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलं, सही केली आणि म्हणाल्या, "जा. थेट घरी जा. वाटेत कुठं पेढे घेत बसू नका."

मी जिन्यातच पान उघडलं. चाळीस मार्क. पासला चाळीसच लागतात. ऋतुराज सरांनी मला मॅनेजर केलं, पण त्याआधी नियमाप्रमाणं तो रिपोर्ट मागवून घेतला. शेंद्र्याला स्टोअरमध्ये, माझ्या हाताखालच्या सगळ्या माणसांसमोर, त्यांनी शेवटच्या पानावरचा शेरा मोठ्यानं वाचून दाखवला :

'उमेदवाराचे संशोधन निरुपयोगी. पत्नीच्या हितार्थ उत्तीर्ण.'